वसईच्या वेढ्यांतील दारूगोळा व गहाण पडलेली चांदी

ज्युबिलीनिमित्त आपल्या धर्मग्रामांत जें लहानसें प्रदर्शन मांडण्यांत येत आहे, त्याच्या तयारीस तरुण मंडळी गेल्या पावसाळ्यापासून लागली होती. जन्मनोंदींचीं जुनीं पुस्तकें, जरीचीं वस्त्रें, वाळवी लागलेल्या लांकडी मूर्ति, पितळेच्या समया असें बरेंच सामान त्यांनीं माळ्यावरून खालीं काढलें. एका कपाटांत मात्र ठेवण्यासारखें कांहींच सांपडलें नाहीं. तें कपाट जुन्या चांदीच्या पात्रांसाठीं राखलें होतें. तेव्हां मंडळींनीं त्यावर एक फलक लिहून लावला: "आपल्या पूर्वजांचीं चांदीचीं पात्रें १७३९ सालीं मराठ्यांनीं लुटून नेलीं."

फलक वाचून मला राग आला नाहीं. हीच गोष्ट मीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकली होती, आणि सेमिनरींत जाईपर्यंत ती खरी मानीत होतों. वसईच्या प्रत्येक जुन्या घरांत ती सांगितली जाते. परंतु इतिहासांत जें नोंदलेलें आहे तें याहून निराळें आहे, आणि माझ्या मतें अधिक विचार करावयास लावणारें आहे. तें थोडक्यांत सांगावें म्हणून हा लेख.

वसईचा मुलूख १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांस दिला. पुढें दोनशें वर्षें वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. साष्टी, ठाणें, माहीम, तारापूर, डहाणू, दमण या सर्वांवर वसईच्या सेनापतीचा अंमल चाले. मुंबई बेटही एके काळीं याच वसईच्या ताब्यांतील एक किरकोळ जागा होती. १६६१ च्या विवाहकराराप्रमाणें तें इंग्रजांच्या राजास आंदण मिळालें, आणि १६६५ त प्रत्यक्ष ताबा गेला. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याच वाड्यांतील एक पडवी शेजाऱ्यास द्यावी, आणि दोन पिढ्यांनंतर त्याच पडवीच्या दारांत पदर पसरून उभें राहावें, तसें वसईचें पुढें झालें.

पदर पसरण्याचें कारण होतें दारू. बंदुकीची दारू तीन जिनसांची होते: सोरा, गंधक व कोळसा. त्यांत सुमारें तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा. कोळसा कोणीही जाळून करील. पण उत्तम सोरा मुख्यतः बिहाराकडून येई, आणि गंधक समुद्रावरून. कोंकणच्या ओल्या हवेंत त्या काळीं दारू फार दिवस टिकत नसे. सोरा दमट होतो, दारूचे गोळे बनतात, आणि एक पावसाळा काढलेलें पिंप फोडावें तर आंत चिखल निघावा. म्हणून दारू ही धान्यासारखी एकदां कोठारांत भरून विसरतां येण्यासारखी वस्तु नव्हती. ती उन्हांत घालावी लागे, पुन्हां कुटावी लागे, आणि सारखी नवी मिळवावी लागे. शिसें व लोखंडी गोळे यांना ओल बाधत नाहीं; पण त्यांची आवकही जहाजांवर. गोव्यास जुन्या शहरानजीक पानेली येथें पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना होता, आणि लिस्बनहून वर्षाकांठीं जहाजें येत. म्हणजे वसईच्या तोफांचा घांस गोव्याहून व समुद्रापलीकडून येत होता, आणि समुद्राची वाट मोकळी असेपर्यंतच त्या तोफा जिवंत होत्या.

दारूगोळ्याची अशी ओढ एकट्या पोर्तुगीजांचीच होती असें कोणीं समजूं नये. या किनाऱ्यावर दारू, तोफा व शिसें हा टोपीकरांचा एक भारी व्यापार होता, आणि ज्याला नड त्याच्या नडीवर त्याचा भाव ठरे. १६६० त सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला तेव्हां राजापूरच्या इंग्रजांनीं उखळी तोफेचे गोळे त्याला नेऊन दिले, इतकेंच नव्हे तर आपलें निशाण लावून ते किल्ल्यावर डागले. शिवाजी महाराजांनीं त्याचा झाडा पुढल्याच वर्षीं राजापुरास घेतला. वखार लुटली व वखारवाल्यांस कैद केलें. त्याच महाराजांनीं १६७३ त सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा व शिसें विकत घेतल्याचें ग्रँट डफ लिहितो. दारू विकणाऱ्याला शत्रु नसतो आणि मित्रही नसतो, हें त्या काळच्या राजांना पुरतें ठाऊक होतें.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १७३७ च्या मार्चअखेर मराठे साष्टींत उतरले आणि ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला त्यांनीं घेतला. तेथून पुढें दोन वर्षें या मुलखांत युद्ध चाललें होतें. पहिल्या वर्षीं वसईवर केलेले हल्ले साधले नाहींत. पण प्रत्येक हल्ला परतवितांना कोठारांतील दारू कमी होत होती, आणि मधल्या दोन पावसाळ्यांनीं राहिलेली खराब होत होती. १७३९ च्या जानेवारींत केळवें-माहीम व तारापूर पडलें. तारापुरास मराठ्यांचा बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाला, तरी किल्ला गेलाच. त्याच महिन्यांत मराठ्यांच्या दुसऱ्या फौजेनें गोव्याच्या साष्टी प्रांतांत शिरून मडगांव घेतलें व राशोलच्या किल्ल्यास वेढा दिला. हा दुसरा घाव मला फार महत्त्वाचा वाटतो. वसईचा पुरवठा जेथून व्हावयाचा तें गोवेंच स्वतःच्या दारांतल्या शत्रूपुढें हतबल झालें; राजप्रतिनिधि काउंट सांदोमिल याला वसईस पाठवायला ना माणसें राहिलीं, ना दारू. समुद्रावर मानाजी आंग्र्याचीं गलबतें होतीं. १७ फेब्रुवारीस चिमाजी आप्पांनीं वसईचा शेवटचा वेढा आवळला, आणि कांहीं दिवसांत खाडीपलीकडील धारावीही मराठ्यांच्या हातीं गेली. त्यानंतर दारू मिळण्याचें एकच दुकान उरलें, तें मुंबईचें.

मुंबईचा गव्हर्नर त्या वेळीं जॉन हॉर्न होता. वसईकरांनीं त्याच्याकडे माणसें मागितलीं, तेव्हां आपलीच शिबंदी अपुरी असल्याचें सांगून त्यानें नकार दिला. दारूगोळा मात्र दिला: २०० पिंपें दारू व ४,००० गोळे. हे आंकडे ऐकावयास मोठे वाटतात. म्हणून मीं जरा हिशेब करून पाहिला. इंग्रजी पिंप १०० पौंडांचें धरलें तर एकूण दारू २०,००० पौंड. वेढा चालला ८८ दिवस. म्हणजे इंग्रजांकडून आलेले सगळे गोळे सारख्या प्रमाणांत उडवावयाचे म्हटले तरी दिवसाकांठीं पंचेचाळीस बार; आणि तटावर इतके बुरूज असतां पंचेचाळीस बार म्हणजे एका सकाळचें काम. प्रत्येक गोळ्यामागें पांच पौंड दारू येते. मध्यम तोफेस ती जेमतेम पुरते, मोठीस पुरत नाहीं. आणि मग बंदुकांस, हातगोळ्यांस व शत्रूचे सुरुंग शोधून उडविण्यास कांहींच उरत नाहीं. सारांश, मुंबईकरांनीं दिलेला माल वसई वांचविण्याइतका नव्हता. वसईचें मरण लांबविण्याइतका होता. शेजाऱ्यानें एकदम पडूं नये, आणि मराठे शक्य तितके दिवस तेथेंच गुंतून राहावे, यांत मुंबईचा स्वार्थ उघड होता.

त्यांतच पैसा संपला. शिबंदीचा पगार, दाणा, दारू, सगळ्यांना रोकड हवी, आणि ती वसईंत नव्हती. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. त्या वेळीं पोर्तुगालच्या गादीवर पांचवा जुआंव होता. ब्राझीलच्या खाणींतील सोन्यानें त्याचा खजिना भरला होता, आणि त्या सोन्यावर त्यानें माफ्रा येथें राजवाडा व मठ मिळून अशी एक प्रचंड इमारत उठविली होती कीं आजही प्रवासी ती पाहून थक्क होतात. असल्या धनाढ्य राजाच्या वसईस मात्र पंधरा हजार रुपयांसाठीं कर्ज काढावें लागलें. मुंबईचें कौन्सिल कर्ज देण्यास प्रथम राजी नव्हतें. अखेर १५,००० रुपये देण्याचें ठरलें, पण तारण घेऊन. तें तारण कोणतें? कांहीं पितळी तोफा, आणि ख्रिस्तमंदिरांतील चांदीचीं पात्रें.

वाचकहो, क्षणभर येथें थांबा. तोफांस दारू नाहीं म्हणून तोफाच गहाण टाकावयाच्या, यांतील विपरीतपणा कोणाच्याही ध्यानांत येईल. पण माझें मन दुसऱ्या तारणापाशीं अडतें. त्या वेळीं वसई शहराच्या तटाआंत सेंट जोझेफचें मुख्य ख्रिस्तमंदिर होतें. शिवाय फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन यांचे मठ होते. या वेदींवरच्या वस्तु कोणी राजानें दिल्या होत्या, कोणी श्रीमंत फिरंगी बाईनें मरतांना ठेवल्या होत्या; आणि कांहीं खात्रीनें आपल्या बापजाद्यांच्या भाताच्या खंड्यांतून व केळीच्या बागांतून आलेल्या होत्या, कारण वसई प्रांतांतील शेताचें उत्पन्न हाच त्या सर्व वैभवाचा पाया होता. त्यांतील चांदी आतां गलबतांत भरून मुंबईस गेली. ती मोजून घेणारें कौन्सिल प्रॉटेस्टंट. आणि याच मुंबईनें १७२० सालीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस बेटाबाहेर घालवून त्यांच्या जागीं कार्मेलाइटांस आणलें होतें. आपल्या धर्मगुरूंस जेथून काढलें, तेथेंच त्यांच्या वेदीवरची चांदी वजन होऊन पडली.

दुकानदाराविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. ठाणें परत घेण्याचा पोर्तुगीजांनीं जो प्रयत्न केला, त्याची आगाऊ वर्दी मुंबईकरांनीं मराठ्यांस दिली व त्यांना दारूगोळाही पुरविला, अशी पोर्तुगीजांची उघड तक्रार होती. त्या प्रयत्नांत पोर्तुगीज सेनापति तोफेचा गोळा लागून पडला, त्यामुळें ती तक्रार अधिकच कडवट झाली. मुंबईकरांचा मराठ्यांशीं व्यवहार चालू होता यांत कांहीं आश्चर्य नाहीं. त्यांना उद्यां ज्याच्या शेजारीं राहावयाचें तो आज कोण जिंकतो, याकडे त्यांचे डोळे होते. मी त्यांना दोष देत बसत नाहीं. व्यापाऱ्यानें व्यापार केला. पण वसईकरांनीं ज्या हातांत चांदी दिली, तो हात त्यांचा नव्हता, हें त्यांनाही कळत असलें पाहिजे. टंचाईच्या वेळीं घेणाऱ्याला निवड नसते.

आतां खरा प्रश्न. देवाच्या वेदीवरचें पात्र दारूसाठीं गहाण ठेवावें काय? माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकीं एकानें मला हें विचारलें, आणि लगेच उत्तर देतां आलें नाहीं. ख्रिस्तसभेच्या परंपरेंत पवित्र पात्रें विकण्याचीं उदाहरणें नाहींत असें नाहीं. मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनीं ३७८ च्या एड्रिआनोपलच्या पराभवानंतर कैद्यांस सोडविण्यासाठीं चर्चचीं पात्रें वितळविलीं. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हां त्यांनीं निर्भयपणें सांगितलें कीं माणसें वांचवावीं हें सोनें वांचविण्याहून चांगलें. इ. स. ४२२ च्या सुमारास आमिदाचे बिशप आकाशियुस यांनीं तर याहून पुढें पाऊल टाकलें. रोमन सैन्यानें पकडलेले ७,००० इराणी कैदी उपाशी मरत होते. ते शत्रूचे, ते ख्रिस्ती नव्हत. तरी बिशपांनीं सोन्याचांदीचीं पात्रें वितळवून त्यांची खंडणी भरली, त्यांना खाऊं घातलें, आणि त्यांच्या राजाकडे परत पाठविलें. आपल्या देवाला ताटांची व वाट्यांची गरज नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता.

वसईचें उदाहरण या पंक्तींत बसतें काय? मला तें बसतें असें म्हणवत नाहीं. त्या दोघांनीं चांदी देऊन माणसें युद्धांतून बाहेर काढलीं. वसईंत चांदी देऊन युद्ध आणखी कांहीं आठवडे चालू ठेवलें. त्या आठवड्यांत दोन्हीकडचीं माणसें मेलीं, आणि मराठ्यांकडे मेलेलेही कोणा आईचे पुत्रच होते. परंतु केवळ एवढ्यावरून त्या वेळच्या धर्मगुरूंस दोषी ठरविणें मला जमत नाहीं. तटाच्या आंत बायकामुलें होतीं. दोन वर्षांत आजूबाजूच्या गांवांतील ख्रिस्तमंदिरें ओस पडलेलीं त्यांनीं पाहिलीं होतीं. तट पडला तर काय होईल हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि अज्ञाताची भीति फार मोठी असते. शिवाय वेढ्याचा शेवट पाहिला म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते.

मे महिन्याच्या मध्यास मराठ्यांचे सुरुंग उडाले आणि सान सेबास्तियान बुरुजास भगदाड पडलें. त्यावर मराठे लाटेमागून लाट याप्रमाणें चढले. आंतील लोकांनीं हातगोळे फेकले, जळते ओंडके लोटले, आणि उखळी तोफांतून दगड उडविले. लोखंडी गोळ्यांऐवजीं दगड कां, हें आतां सांगावयास नको. सेनापति मार्तिन्यो दा सिल्व्हैरा वेढ्यांतच पडला होता. त्याच्या मागें काएतानो द सोझा पेरैरा यानें सूत्रें घेतलीं होतीं. भगदाड पडलें, माणसें थकलीं, आणि दारू सरत आली. तेव्हां त्यानें पांढरें निशाण लावलें. तह १६ मे १७३९ रोजीं झाला. (इंग्रजी कागदांत तो ५ मे रोजीं झाल्याचें दिसेल. इंग्रज त्या वेळीं जुनें पंचांग पाळीत व अकरा दिवस मागें होते. दोन तह झाले असें कोणीं समजूं नये.) मराठ्यांनीं आपल्याकडील मेलेले व जखमी मिळून ५,००० हून अधिक मान्य केल्याचें ग्रँट डफ लिहितो, पोर्तुगीजांकडील आंकडा ८०० सांगतात.

इतकी हानि सोसलेल्या सेनापतीनें आंत शिरून सूड घेतला असता तर त्या काळच्या रीतीप्रमाणें कोणाला नवल वाटलें नसतें. चिमाजी आप्पांनीं तसें केलें नाहीं. शिबंदीनें हत्यारें व निशाणें घेऊन मानानें बाहेर पडावें. जाणाऱ्या रहिवाशांनीं आपली चीजवस्तु बरोबर न्यावी. निघण्यास आठ दिवसांची मुदत. राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक, आणि त्यांच्यासाठीं तीन ख्रिस्तमंदिरें: एक शहरांत, एक कसब्यांत व एक साष्टींत. अशीं कलमें तहांत आहेत. याचें श्रेय मी प्रथम जिंकणाऱ्याच्या थोरपणास देतों. पण दुसरेंही एक कारण असावें असें मला वाटतें. कोठारांत मुठीभर दारू आहे तोंवरच किल्लेदाराच्या शब्दाला वजन असतें; दारू पार संपलेल्या किल्ल्याला कोणी कलमें विचारीत नाहीं. गहाण पडलेल्या चांदीनें वसईस विजय मिळवून दिला नाहीं. परंतु बोलणें करण्याइतका अवधि मिळवून दिला असेल, आणि त्या अवधींतच आपल्या पूर्वजांचीं तीन ख्रिस्तमंदिरें वांचलीं. युरोपियन धर्मगुरु गेल्यावर जे देशी धर्मगुरु या प्रांतांत मागें राहिले, त्यांनीं त्याच कलमाच्या आधारावर पुढलीं वर्षें काढलीं. आपण आज ज्युबिली साजरी करतों ती त्यांच्या चिकाटीमुळें.

२३ मे रोजीं शिबंदी किल्ल्याबाहेर पडली आणि पावसाळा काढण्यासाठीं मुंबईस गेली. तोंपर्यंत हॉर्न जाऊन स्टीफन लॉ गव्हर्नर झाला होता. या लोकांच्या पोटापाण्यासाठीं मुंबईच्या तिजोरींतून महिना ४,००० रुपये द्यावे लागले. जे अन्नासाठींही त्याच सावकारावर अवलंबून होते, ते गहाण सोडविण्याच्या स्थितींत नव्हते हें उघड आहे. पावसाळ्यानंतर ही मंडळी चौलमार्गें गोव्याकडे निघाली. वाटेंत वाडीच्या सावंतांच्या लोकांनीं त्यांना गांठलें, आणि वेढ्यांतून वांचलेले पुष्कळ तेथें पडले. मुंबईकरांनीं इकडे कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी आप्पांकडे वसईस पाठवून जुलैमध्यें तह केला व पेशव्यांच्या मुलखांत व्यापाराची सवलत मिळविली. तरी भीति गेली नाहीं. मुंबईच्या कोटाभोंवतीं खंदक खणण्यासाठीं तेथील व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये वर्गणी जमविली. वसईला चांदी ठेवून घेऊन दिलेल्या रकमेच्या ती बरोबर दुप्पट होती.

घंटांची गोष्ट मात्र निराळी. वसईच्या मोहिमेंत मिळालेल्या घंटा मराठे सरदारांनीं विजयचिन्ह म्हणून नेल्या, यांत शंका नाहीं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत, वाईजवळ मेणवलीस, भीमाशंकरास त्या आजही टांगलेल्या आहेत, आणि भाविकांच्या हातून रोज वाजतात. मेणवलीच्या घंटेवर पवित्र मारिया व बाळ येशू यांची प्रतिमा आहे. ती मीं स्वतः पाहिली. तिला हात लावून उभा होतों तेव्हां तेथील पुजाऱ्यानें मला आस्थेनें विचारलें कीं आपण कोठून आलांत. मीं वसईहून म्हटल्यावर त्यानें घंटा वाजवून दाखविली.

तेव्हां घंटांविषयीं जें सांगतों तेंच चांदीविषयीं सांगूं नये, अशी माझी प्रदर्शनाच्या मंडळींस विनंति होती. मंडळींनीं ती मान्य केली. कपाट रिकामेंच ठेवलें आहे, आणि फलकावर आतां असें लिहिलें आहे: "१७३९ च्या वेढ्यांत वसईच्या ख्रिस्तमंदिरांतील चांदीचीं पात्रें, कांहीं पितळी तोफांसह, १५,००० रुपयांच्या कर्जासाठीं मुंबईच्या इंग्रजांकडे गहाण ठेवण्यांत आलीं." अक्षर थोडें लहान झालें आहे, वृद्धांनीं जवळ जाऊन वाचावें.